चौथा हुक

१. निळा फोल्डर

बाबुलालभाऊंचं आधार कार्ड गायब झाल्याचं गुरुवारी सकाळी सात वाजता कळलं आणि पहिला संशय माझ्यावर आला. यायलाच हवा होता. कार्डांचा निळा फोल्डर ज्या बॅगेत होता, ती आदल्या संध्याकाळी मीच भरली होती.

मी मंदाबाई. वरठीच्या स्टेशनावर पार्सल ऑफिसात एकोणतीस वर्षं नोकरी केली. लोकांची गाठोडी, पेट्या, तांदळाचे कट्टे, सायकली यांना चिठ्ठ्या लावण्यात उमर गेली. आता रिटायर आहे, पण आमच्या गल्लीत कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की बॅग भरायला मलाच बोलावणं येतं. मी भरलेल्या बॅगेतून आजवर टाचणीसुद्धा हरवलेली नाही. तेव्हा हे प्रकरण माझ्या अब्रूचंही होतं, हे आधीच सांगून टाकते.

शेजारचे बाबुलालभाऊ आणि बायजाबाई चार दिवसांच्या समुद्रसफरीला निघाले होते. दोघांनी आजवर वैनगंगेपलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नाही. पण त्यांची मुलगी प्रतिक्षा त्याच जहाजावर नोकरीला आहे, खोल्यांच्या साफसफाईच्या खात्यात. कंपनी वर्षातून एकदा कर्मचाऱ्याच्या दोन नातेवाइकांना नेते. प्रतिक्षा दोन वर्षांत घरी आली नव्हती. या फेरीनंतर जहाज परदेशात जाणार होतं, म्हणजे पुन्हा आठ-दहा महिने भेट नाही. साडेतीनची मुंबईची गाडी चुकली की सगळंच चुकणार होतं. आणि कंपनीच्या चिठ्ठीत ठळक अक्षरात लिहिलं होतं की मूळ ओळखपत्राशिवाय जहाजावर घेणार नाहीत.

साताच्या जरा आधी त्यांची सून तृप्ती माझ्या दारात आली होती.

"मावशी, गंजभर तांदूळ द्या ना. आई म्हणतेत, निघाच्या दिवशी कोठी उघडत नाहीत."

मी माझ्याच गंजात, म्हणजे पातेल्यात, भरून देऊन टाकले. नवा तांदूळ भरलेली पत्र्याची कोठी घरात असताना मागायला काहून आली, हे विचारायचं सुचलं नाही. चहा उतू जात होता.

दहा मिनिटांनी तीच तृप्ती धावत आली. तोंड पांढरं पडलेलं.

"मावशी, फोल्डरमधून बाबांचं कार्ड गेलं. फक्त बाबांचंच!"

२. प्रतिक्षाची यादी

कार्ड एकच जावं, हे मला पहिल्यापासून खटकलं. चोर आला असता तर फोल्डर घेऊन गेला असता. पडलं असतं तर दोन्ही पडली असती, कारण दोन्ही एकाच कप्प्यात होती आणि वर बटण होतं. बायजाबाईंचं कार्ड, तिकिटं, गोळ्यांची चिठ्ठी, सगळं जागच्या जागी. कुणीतरी बोटांनी निवडून एकच काढलं होतं. आणि रात्रभर दाराला आतून कडी होती. म्हणजे घरातलेच चौघे: भाऊ, बायजाबाई, त्यांचा मुलगा सुगत आणि त्याची बायको तृप्ती.

मी ओसरीत चटई टाकली आणि बॅगा उलट्या केल्या.

"काय करून राहिल्या?" बायजाबाई ओरडल्या. "पुन्हा भराले किती वेळ लागन!"

"भरीन ना मी. तुम्ही बसा."

प्रतिक्षाने मोबाईलवर यादी पाठवली होती, ती मी आदल्या संध्याकाळी कागदावर उतरवून घेतली होती. पोरगी हुशार. मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते म्हणून हातातली पिशवी वेगळी: त्यात कार्डं, औषधं, एक जोडी कपडे. थंडगार हवेसाठी शाल. खोलीचं कार्ड गळ्यात अडकवायला दोरी. मळमळीच्या गोळ्या आणि आवळ्याची सुपारी. ओल्या जमिनीवर घसरू नये असे रबरी तळाचे बूट. कपड्यांचे बारा चिमटे. ओलं-सुकं वेगळं ठेवायला चेनवाल्या सहा प्लास्टिकच्या पिशव्या. आणि चुंबकाचे चार हुक, कारण जहाजाच्या भिंती लोखंडी असतात आणि खोली इतकी लहान की टॉवेल ठेवायलाही जागा नाही. इस्त्री, पाण्याची किटली, लांब वायरीचा बोर्ड आणायची मनाई. बायजाबाईंनी तरी साडीच्या घडीत इस्त्री लपवली होती. ती मी काढली होती.

त्या हुकांनी आदल्या संध्याकाळी घरभर गंमत केली होती. तृप्तीने एक कपाटाला चिकटवला, एक सुगतच्या मोटारसायकलीला. बायजाबाईंनी एक पत्र्याच्या कोठीला लावून त्यावर पंचा अडकवून पाहिला आणि टाळी वाजवली. मग मी सगळे मोजून परत बॅगेत टाकले. चार.

आता मोजले तर तीन.

चिमटे बारा. शाल होती. सुपारी होती. चेनच्या पिशव्या मोजल्या. सहाऐवजी चारच.

"कार्ड गेलं, हुक गेला, दोन पिशव्या गेल्या," मी म्हटलं. "हा कसला चोर बाप्पा? यालेही जहाजावर जायचं आहे का?"

कुणी हसलं नाही. बायजाबाई मात्र चटकन म्हणाल्या, "आता शोधत नका बसू. टाइम नाही. मी एकटीच जाईन."

मी मान वर करून पाहिलं. ही बाई कधी नागपूरलाही एकटी गेलेली नाही.

३. तोंडातून निघालेला झाडू

सुगतला मी अंगणात गाठलं. तो बाबुलालभाऊंच्याच जुन्या कारखान्यात आहे, पोलादाच्या. आईवडिलांना गाडीत बसवायचं म्हणून सुट्टी घेऊन घरी होता.

"सुगत, मागच्या आठवड्यात तुह्या बहिणीले तू काय विचारलं होतं? तृप्ती सांगत होती."

तो खाली पाहू लागला. "नाव बदलता येते का, असं विचारलं होतं."

"कोणाच्या नावाऐवजी कोणाचं?"

"बाबांच्या ऐवजी तृप्तीचं. कारण बाबा जातीन असं वाटतच नव्हतं मले. आई एकटी पडू नये म्हून विचारलं. पण प्रतिक्षा म्हणाली, बदलत नाही. तिथंच संपलं ते."

नाव बदलत नसेल तर कार्ड लपवून त्याचा किंवा तृप्तीचा फायदा काहीच नव्हता. मी दोघांनाही यादीतून खोडलं. "बाबा जातीन असं वाटत नव्हतं," हे मात्र लक्षात ठेवलं.

त्यामागचं कारण सगळ्या गल्लीला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी प्रतिक्षा निघाली तेव्हा मी नोकरीतच होते, प्लॅटफॉर्मवर उभी. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलेली पोरगी, पहिली नोकरी, हातात नवी बॅग. आणि गाडी आत येत असताना बाबुलालभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माह्या आईनं पाटलाच्या वाड्यातला झाडू फेकून देल्ला. तो उचलाले तू समुद्रात चालली का?"

पोरगी रडत डब्यात चढली. त्यानंतर बाप तिच्याशी फोनवर बोलला नाही. आई फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरात बोलायची आणि हे आतल्या खोलीत पेपर धरून बसायचे.

तेव्हा गल्लीतला कुणीही डोळे मिटून सांगेल की कार्ड बाबुलालभाऊंनीच लपवलं. जायचं नाही आणि "नाही" म्हणायची हिंमतही नाही. मलाही घटकाभर तसंच वाटलं. शिवाय तृप्तीने हळूच सांगितलं, की मंगळवारी ते सकाळच्या बसने कुठेतरी गेले आणि अंधार पडायच्या सुमारास आले. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली हे, कडक इस्त्रीचा सदरा आणि वरून कोट घालून.

"भाऊ, कार्ड कुठं हाय?"

"मले माहीत नाही."

"मंगळवारी कुठं गेले होते?"

त्यांनी कोटाची बाही ओढून सारखी केली.

"लोक म्हणतीन, तुम्हीच लपवलं."

त्यांनी पंख्याकडे नजर वळवली. मग म्हणाले, "म्हणू द्या. लिहून घ्या, मीच लपवलं. माह्या जाण्यानं कोणाच्या मनाले त्रास होत असन, तं मी नाही जात. बायजाले गाडीत बसवून द्या."

साडेअकरा वाजले होते. गुन्हेगाराने गुन्हा कबूल केला होता आणि माझा त्यावर काडीचा विश्वास बसत नव्हता.

४. बुटांचे तळवे

माणूस काय वाट्टेल ते सांगतो. मी सामानाला विचारलं.

बाबुलालभाऊंचे नवे रबरी बूट बॅगेच्या तळाशी होते. मी ते उलटे केले. तळव्याच्या खाचांत आमच्या गल्लीतली लाल माती बसलेली आणि टाचेजवळ कापडाला घडी पडलेली. ज्याला जायचं नाही, तो नवे बूट आठवडाभर पायात घालून मऊ करत नाही. मळमळीच्या गोळ्यांची पट्टी पाहिली. दहातली एक गोळी कमी होती. तृप्तीला विचारलं.

"बाबांनी घेतली, सोमवारी," ती म्हणाली. "म्हणे, सोसते का नाही ते अगोदर पाहतो. दुपारभर झोपले मग."

हा माणूस जायला आसुसला होता. मग कार्ड गेल्यावर त्याने आरडाओरडा का केला नाही? उलट चोरी स्वतःच्या अंगावर घेतली. कुणासाठी घेतो माणूस असं? ज्याच्यावर रागावता येत नाही, त्याच्यासाठीच.

मी ओसरीत परत आले. हातात तीन हुक घेतले. एक खिडकीच्या गजाला लावला, टक् करून चिकटला. हा हुक लोखंडाशिवाय कशालाच धरत नाही. म्हणजे ज्याने नेला, त्याला काहीतरी लोखंडाला लटकवायचं होतं. आणि कार्ड लटकवायचं तर ते आधी पिशवीत घालायला हवं, म्हणजे चेनची एक पिशवी. पण गेल्या होत्या दोन! दुसरी कशाला?

पिशव्यांचं कोडं सुटेना म्हणून मी चहा मागितला आणि समोर माझा गंज दिसला. रिकामा, धुऊन पालथा घातलेला. सकाळी तृप्ती काय म्हणाली होती ते तेव्हा आठवलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या घरी मुहूर्त आहेत, दिशा आहेत, मांजर आडवं जाणं आहे, अमावस्या आहे. माझी सासू असल्या नियमांचं भांडार होती. पण निघायच्या दिवशी कोठी उघडत नाहीत, हा नियम तिलाही माहीत नव्हता. आणि ज्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर अपशकुन हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला गेला, जिथे सुगतचं लग्न पत्रिका न पाहता लागलं, जिथे बाबुलालभाऊ मला दर अमावस्येला चिडवतात, त्या घरात हा नियम एका सकाळीत कुठून उगवला?

एक वाजला होता. मी उठले, गंज उचलला आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

५. गंजभर तांदूळ

"तृप्ती," मी म्हटलं, "माहे तांदूळ परत दे."

"आत्ता, मावशी?"

"आत्ताच. कोठीतून काढ."

"मंदाबाई, तुम्हाले काही वाटते का?" बायजाबाई कोठीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "घर सोडून निघालो आम्ही अन् तुम्हाले गंजभर तांदळाची पडली! सांगतलं ना, आज कोठी उघडत नाहीत."

"कोण म्हणते?"

"पहिल्यापासून हाय."

मी बाबुलालभाऊंकडे वळले. "भाऊ, तुमच्या घरात हा नियम पहिल्यापासून हाय?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मला तेव्हा खात्री पटली, की यांनी सकाळीच सगळं ओळखलं होतं. आपल्या घरातला खोटा नियम त्यांच्या कानाला माझ्याआधी बोचला असणार.

"राहू द्या ना, मंदाबाई," ते हळूच म्हणाले.

पण बायजाबाईंचा बांध फुटला होता. त्यांनी स्वतःच कोठीचं पत्र्याचं झाकण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध चौथा हुक चिकटलेला आणि त्याला चेनची पिशवी लटकलेली. पिशवीत बाबुलालभाऊंचं कार्ड.

"आमच्या गावाले धरणाचं पाणी यायच्या आधी सारे कागद कोठीतच राहत होते," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दुसरी जागाच सुचली नाही मले."

"आई, पण काहून?" सुगत ओरडलाच. "बाबा आले असते तं काय झालं असतं?"

"काय झालं असतं? स्टेशनावर झालं ते झालं असतं! दोन वर्षांनं पोरगी दिसन मले. तिथं तिचे साहेब असतीन, संगातल्या पोरी असतीन. ती हातात बादली घेऊन समोर आली अन् हे पुन्हा तसंच बोलले तं? इथं ती गाडीत बसून रडली. तिथं कुठं जाईन ती, चारी बाजूले पाणी! म्हून म्या म्हटलं, एकटी जाईन, डोळेभर पाहीन अन् येईन. भांडण नाही का तंटा नाही."

मला त्या बाईचा राग यायला हवा होता, माझी बॅग बदनाम केली म्हणून. आला नाही.

पण माझा हिशेब अजून पुरा झाला नव्हता.

"बायजाबाई, तुम्ही पिशवी एकच घेतली?"

"एकच. कार्डापुरती."

"मग दुसरी ज्यानं घेतली, त्यानं ती बाहेर काढावी. घरात चौघे हाय. तृप्ती आणि सुगत मघापासून एकमेकायकडे पाहून राहिले, त्यायले पत्ताच नाही. भाऊ, सदऱ्याच्या वरून कोट कायले घातला हो एवढ्या उन्हात? सकाळपासून खुंटीला होता, मी बॅग उलटी केल्यावर अंगात चढला."

बाबुलालभाऊ आयुष्यात पहिल्यांदा लाजलेले मी पाहिले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चेनची सहावी पिशवी काढून ओट्यावर ठेवली. आत औषधाची जुनी बाटली, बूच मेणाने बंद केलेलं, आणि सुती हातमोज्यांची जोडी.

"मोहाचं तेल हाय," ते म्हणाले. "सिहोऱ्याची माही बहीण बेबीबाई, ती घरी काढते. मंगळवारी तिथंच गेलो होतो. सांडू नये म्हून पिशवी घेतली."

"कोणासाठी?" बायजाबाईंनी विचारलं, जणू उत्तर माहीत नसल्यासारखं.

"तूच तं बोलत होती फोनवर. साबणानं पोरीचे हात फाटले, रात्री आग होते म्हणे. मी भट्टीवर होतो तवा आई माह्या हाताले हेच लावे." ते थांबले. "मी आतल्या खोलीत पेपर नाही वाचत, बायजा. दोन वर्षं तिचंच ऐकून राहिलो."

"मग बोलले काहून नाही?"

"कोणत्या तोंडानं बोलू? तवा मले झाडूच दिसला, पोरगी नाही दिसली. माह्या आईले पाटलाच्या घरी 'नाही' म्हणता येत नव्हतं. पगार नव्हता, सुट्टी नव्हती. प्रतिक्षानं स्वतःहून अर्ज केला, पास झाली, उद्या वाटलं तं सोडूनही येईन. एवढा फरक समजाले मले दोन वर्षं लागले. कार्डापेक्षा मोठी गोष्ट म्याच लपवून ठेवली होती घरात."

बायजाबाई रडल्या, मग त्यांना हसू आलं, मग पुन्हा रडल्या. "बाप्पा, मले सांगाचं तरी!"

"तू तरी मले कुठं सांगतलं, कोठीत काय हाय ते?"

६. साडेतीनची गाडी

बॅगा मी पंचवीस मिनिटांत पुन्हा भरल्या. हुक चार, पिशव्या सहा, त्यातली एक तेलाची. साडीच्या घडीत इस्त्री पुन्हा सापडली. तीही पुन्हा काढली.

प्लॅटफॉर्मवर बाबुलालभाऊ बरोबर त्याच खांबापाशी उभे होते, जिथे दोन वर्षांपूर्वी उभे होते. जागा मुद्दाम निवडली की पाय तिकडे गेले, कोण जाणे. गाडी दिसली तसा त्यांनी सुगतकडून फोन मागून घेतला आणि नंबर लावला. पलीकडून "हॅलो दादा" आलं असणार, कारण ते म्हणाले, "दादा नाही. मी बोलून राहिलो." मग गाडीच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की ते मान हलवत होते आणि फोन दोन्ही हातांनी धरला होता.

घरी आले तर माझा गंज दारात होता. तृप्तीने काठोकाठ भरून ठेवला होता. दिले त्याहून जास्त तांदूळ होते. मी ठेवून घेतले, तपासाची फी म्हणून.

रविवारी मोबाईलवर फोटो आला. जहाजावरची चिमुकली खोली, पांढरी लोखंडी भिंत आणि ओळीने चार हुक. पहिल्यावर शाल, दुसऱ्यावर हातातली पिशवी, तिसऱ्यावर भाऊंचा कोट. चौथ्यावर ओला निळा एप्रन, दोन चिमट्यांनी नीट अडकवलेला.

खाली प्रतिक्षाने लिहिलं होतं: "मावशी, हा माझ्या ड्युटीचा एप्रन आहे. बाबांनी धुतला. मला पाण्यात हातच घालू देत नाहीत."

मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. सामान मोजायची सवय जात नाही. चार हुक होते, चारही कामाला लागले होते.